पदवीधर तरुणांशी चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी नोकरीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. अशा माणसाने पदवीधरांस उपदेश करावा हे धाडसच होय. तथापि दोन कारणांनी ते करीत आहोत. सेवेच्या अखेरच्या काळात संस्थेच्या निवड समितीवर आम्हांस अनेकदा बसावे लागले, त्यामुळे मुलाखतीच्या टेबलाची पलीकडची बाजू आम्ही पाहिली आहे. शिवाय निवृत्तीनंतर ज्ञातीतील मुले-मुली आपले अर्ज दाखविण्यास आमच्या घरी येतात. ते वाचून मनात जे साठले, तेच आज आपणांसमोर ठेवीत आहोत.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली तेथून पहिले बी.ए. बाहेर पडले. ते अवघे चौघे होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. त्या काळी पदवी हीच शिफारस होती. आज प्रत्येक तालुक्यात महाविद्यालय झाले, हे समाजाचे भाग्यच आहे. परंतु त्यामुळे पदवीचे काम बदलले. पदवीने आता अर्ज करण्याची पात्रता येते, निवड होत नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात १५ वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.२ होते, तर १५ ते २९ या वयोगटात ते शेकडा १०.२ होते. म्हणजे ओझे तरुणांच्याच खांद्यावर अधिक आहे. हे आकडे भीती घालण्यासाठी सांगत नाही. नोकरी मिळाली नाही म्हणजे आपल्यातच काही उणे आहे, असे मानून घरात तोंड लपवून बसणाऱ्या मुलांनी ते ध्यानात ठेवावेत, एवढाच हेतू.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय शिवणकामाचा. संत नामदेव महाराजांचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्यांची पालखी खांद्यावर घेतो. परंतु त्यांच्या व्यवसायाचे नाव घेण्याची वेळ आली की आपली पदवीधर मुले खाली पाहू लागतात. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत हे पुनःपुन्हा दिसते. मुलगा बी.कॉम. झालेला असतो. बायोडाटात लिहितो, ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व जिद्दी आहे.’ अनुभवाच्या रकान्यात लिहितो, ‘नाही.’ आम्ही विचारतो, “बाळ, वडिलांच्या दुकानात कधी बसला होतास काय?” तो हळूच सांगतो, “हो सर, अकरावीपासून बसतो. पण ते काय लिहायचं?”

मग खोदून विचारले की निघते ते असे. दुकानाची वही तो संगणकावर ठेवतो. टॅली त्याला येते. कापड कोणाकडून आले, बिल कोणाचे थकले, हे त्याला तोंडपाठ असते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याचे महिन्याचे विवरण ११ तारखेच्या आत आणि सारांश विवरण २० तारखेच्या आत भरावयाचे असते, हे काम तो दोन वर्षे चुकू न देता करीत असतो. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत चिडलेल्या गिऱ्हाइकाला समजावून, नवी तारीख देऊन, ती पाळूनही दाखवतो. हिशेबनिसाच्या जागेसाठी मालकाला याहून अधिक काय हवे असते? आणि नेमके तेच लपवून हा मुलगा ‘जिद्दी’ आणि ‘कष्टाळू’ हे शब्द पुढे करतो, जे शेजारच्या प्रत्येक अर्जात असतात!

तरुण मित्रांनो, आमचे सारे सांगणे एका वाक्याचे आहे. तुमच्या हातून प्रत्यक्ष झालेले काम हेच तुमचे खरे प्रमाणपत्र आहे. ते लपवू नका, फुगवू नका, मापात मांडा.

मापात म्हणजे कसे, ते सांगतो. गिऱ्हाईक समोर उभे नसताना, माप न घेता, कात्री चालविणाऱ्या कारागिराला आपण काय म्हणू? परंतु एकच बायोडाटा शंभर ठिकाणी पाठविणारा पदवीधर निराळे काय करतो? आता तर चॅटजीपीटीसारखी साधने मिनिटभरात गुळगुळीत अर्ज लिहून देतात. भाषा तपासण्यास त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु तो कपडा रेडिमेड असतो, कोणाच्याही अंगावर थोडासा बसतो आणि नीट कोणाच्याच बसत नाही. जाहिरात दोनदा वाचावी. काम कोणते, साधने कोणती, भाषा कोणती, हे कागदावर टिपावे. त्यातील जे तुम्हांस खरोखर येते ते अर्जात वर आणावे आणि जाहिरातीतील शब्दांतच लिहावे. कारण मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी पुष्कळदा संगणकच लावतो, आणि तो शब्द जुळवून पाहतो. प्रत्येक गोष्टीपुढे आकडा घालावा. ‘हिशेब पाहिले’ असे न लिहिता ‘दरमहा सुमारे दीडशे बिलांची नोंद दोन वर्षे ठेवली’ असे लिहावे. अर्थात आकडा खरा असला तरच. नवख्याचा बायोडाटा एका पानाचा पुरे. वडिलांचे नाव, धर्म, उंची, छंद यांनी अर्धे पान भरू नये. तो विवाहाच्या पत्रिकेचा भाग आहे.

कागदपत्रांविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे, कारण हातातोंडाशी आलेला घास येथे जातो. दहावीच्या प्रमाणपत्रावर, पदवीवर, आधार व पॅन कार्डावर नाव एकाच प्रकारे लिहिलेले असावे. इतर मागासवर्गाचा लाभ घेणाऱ्यांनी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आधीच करून ठेवावे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, हे विसरू नये. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीच्या पायऱ्या चढू लागल्यास तारीख थांबत नाही.

आता मुलाखतीविषयी. आम्ही समितीवर असतानाचा एक प्रसंग सांगतो. शिक्षिकेच्या जागेसाठी दोन उमेदवार होत्या. दोघींनाही एकच प्रश्न विचारला होता, की वर्गात एका मुलाला वीसपर्यंत मोजता येत नसेल तर काय कराल? पहिलीने मानसशास्त्रज्ञांच्या व्याख्या घडाघडा म्हटल्या. दुसरी म्हणाली, “सराव पाठाच्या वेळी माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. मी त्याच्या हाती चिंचोके दिले. तो दहापर्यंत नीट मोजी आणि अकराला अडखळे. तेव्हा दहाचा एक ढीग करून बाजूला ठेवला आणि उरलेले पुन्हा मोजायला लावले. चौथ्या दिवशी त्याला जमले.” पहिलीचे गुण अधिक होते. निवड दुसरीची झाली, आणि समितीत त्यावर दुमत झाले नाही. समोर बसलेल्या माणसाला तुम्ही काय वाचले आहे, यापेक्षा उद्या सकाळी कामावर आल्यावर तुम्ही काय कराल, हे पाहावयाचे असते.

मुलाखतीत काही प्रश्न ठरलेले असतात. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटले की आपली मुले नाव, गाव, आई-वडील, भावंडे सांगू लागतात. हे सारे कागदावर असतेच. काय शिकलो, कोणते काम केले आणि ही जागा का हवी, एवढे तीन मुद्दे दीड-दोन मिनिटांत सांगावे. ‘आमच्याकडेच का?’ या प्रश्नासाठी त्या कंपनीचे वा बँकेचे संकेतस्थळ आदल्या दिवशी वाचून जावे. ‘मधली दोन वर्षे काय केलेत?’ असे विचारल्यास गडबडू नये. परीक्षेचा अभ्यास केला, यश आले नाही, दरम्यान दुकान सांभाळले, असे सरळ सांगावे. सरळ उत्तरापुढे पुढचा प्रश्न सहसा येत नाही. लपवाछपवीपुढे दहा येतात. ‘वडील काय करतात?’ असे कोणी विचारले तर ‘बिझनेस’ असे पुटपुटू नये. ‘वडील शिंपीकाम करतात, आमचे शिवणाचे दुकान आहे’ असे मान वर करून सांगावे. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल ‘हे मला ठाऊक नाही, पाहून घेईन’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. आणि शेवटी ‘तुम्हांस काही विचारावयाचे आहे काय?’ असे म्हटल्यास गप्प बसू नये. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून कोणते काम अपेक्षित आहे, हा प्रश्न विचारावा.

इंग्रजीची धास्ती पुष्कळांना असते. साधी, छोटी वाक्ये पुरतात. अडखळल्यास पुन्हा बोलावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मराठी माध्यम घेतलेल्या उमेदवारास मुलाखतही मराठीतून देता येते. तेथे त्या मुलाखतीस २७५ गुण असून तिचे नावच व्यक्तिमत्त्व चाचणी असे आहे. पोशाखाविषयी आपल्या ज्ञातीला आम्ही काय सांगावे! अंगाला बसणारा, स्वच्छ, इस्त्री केलेला साधा शर्ट. नव्या कोऱ्या बुटांनी पाय चावत असतील तर ते घालू नयेत. हल्ली पुष्कळ मुलाखती मोबाईलवर वा संगणकावर होतात. तेव्हा उजेड चेहऱ्यावर यावा, पाठीमागे दोरीवरचे कपडे दिसू नयेत, आणि घरातील मंडळींस तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवण्याची विनंती करावी.

कोट शिवताना आपण पक्की शिलाई घालण्यापूर्वी कच्चा धावदोरा घालून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहतो. मुलाखतीचेही तसेच करावे. नोकरीत असलेल्या एखाद्या नातलगासमोर बसावे आणि त्याला प्रश्न विचारू द्यावेत. मोबाईलवर स्वतःचे बोलणे टिपून ऐकावे. प्रथम लाज वाटेल. परंतु चूक घरी निघालेली बरी.

सरकारी परीक्षांबद्दल आम्ही विशेष काळजीने बोलत आहोत. या वाटेला जाऊच नये असे आमचे मत नाही. आपल्यातील काहींनी तेथे उत्तम यश मिळविले आहे. परंतु मोजमाप ठेवावे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेस १० लाखांहून अधिक अर्ज आले आणि शेवटी १०१६ उमेदवारांची शिफारस झाली. म्हणजे हजारात एक. उरलेले ९९९ आळशी होते असे नव्हे. म्हणून किती वर्षे आणि किती प्रयत्न, हे घरातील सर्वांसमोर बसून आरंभीच ठरवावे, आणि अभ्यासाबरोबर पोटापुरते एखादे काम वा कौशल्य हाती ठेवावे. हेही ध्यानात असू द्यावे की केंद्र सरकारच्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या आहेत. त्या जागांसाठी ‘मुलाखतीत सांभाळून घेतो’ असे कोणी म्हणेल तर तो खोटे बोलत आहे, हे तेथेच ओळखावे.

यावरून दलालांचा विषय निघतो. नोकरी लावण्यासाठी दागिने मोडून, शेत गहाण टाकून पैसे दिल्याच्या हकिकती आपण वर्तमानपत्रांत वाचतो. लोकसेवा आयोग असो वा बँकांची भरती करणारी आयबीपीएस ही संस्था असो, त्यांची जाहिरात त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते आणि शुल्क तेथेच भरावे लागते. मध्ये माणूस नसतो. खाजगी नोकरीसाठीही ‘लॅपटॉपची अनामत’, ‘प्रशिक्षण शुल्क’ म्हणून कोणी पैसे मागितल्यास एक रुपयाही देऊ नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत, ताब्यात देऊन येऊ नये.

नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर पेढे वाटण्यापूर्वी ते पुरते वाचावे. सीटीसी म्हणजे हाती येणारा पगार नव्हे. नमुन्यादाखल, वर्षाला ३ लाख म्हणजे महिना २५,००० रुपये धरा. मूळ वेतन १२,५०० असेल तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० त्यातूनच जाते. उरलेल्या २२,९०० मधून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा १,५०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हाती राहतात सुमारे २१,२००. २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात २०२३ पासून व्यवसाय कर नाही, एवढा फरक. परगावी खोलीचे भाडे आणि खाणावळ याच रकमेतून द्यावयाची आहे. कराराचा बाँड असेल तर मुदत आणि रक्कम पाहूनच सही करावी. ‘असे बाँड कायद्यात टिकत नाहीत’ असे मित्र सांगतात; परंतु सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सार्वजनिक बँकेचा तीन वर्षांचा, २ लाख रुपयांचा बाँड वैध ठरविला आहे. सही करणाराने आपल्या सहीची किंमत ओळखावी.

ज्यांना लगेच नोकरी मिळत नाही त्यांनी उमेदवारीचा विचार करावा. आपल्या दुकानात नवा पोऱ्या आला की तो आधी काजे करतो, बटणे लावतो, मग तुरपाई, मग पायजमा. कोटाला हात लावण्यास वर्षे जातात. त्यात अपमान नसतो, ती शिकण्याची रीत असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली सुधारणा झाली आणि कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही ती वाट मोकळी झाली. विद्यावेतन थोडे असते. परंतु वर्षअखेर बायोडाटातील अनुभवाचा रकाना रिकामा राहत नाही.

आता पालकांशी थोडे. मुलगा रोज सायंकाळी घरी आला की ‘काय झालं?’ असे विचारू नका. आठवड्यातून एकदा विचारा आणि शांतपणे ऐका. अमक्याच्या मुलाचे पॅकेज त्याच्या पुढे वाचू नका. सरकारी नोकरीवाचून स्थळ नको, असा हट्ट आपणच धरतो आणि मग मुले तीस वर्षांपर्यंत परीक्षा देत बसतात म्हणून आपणच कुरकुरतो. हे न्यायाचे नाही. मुलींच्या बाबतीत तर आपले गणित अजबच आहे. पदवीपर्यंत शिकवितो, गुणगौरवाला आणतो, आणि पुण्या-मुंबईची नेमणूक आली की ‘एकटी कशी राहील?’ म्हणून पत्र परत पाठवितो. काळजी जरूर घ्या. वसतिगृह पाहून या. दहा वा अधिक माणसे काम करीत असतील तेथे २०१३ च्या कायद्याने स्त्रियांच्या तक्रारींसाठी समिती असणे सक्तीचे आहे. ती आहे काय, हे विचारा. परंतु तिची संधी परत पाठवू नका.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना. शाल, श्रीफळ आणि हे सन्मानचिन्ह मुलांना आनंद देते, त्यात संशय नाही. परंतु उद्यापासून त्यांना जे लागणार आहे ते याहून निराळे आहे. आपल्या ज्ञातीत बँकेत, कचेरीत, कारखान्यात, संगणक कंपनीत काम करणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्यातील एक रविवार द्यावा आणि याच सभागृहात मुलांच्या सरावाच्या मुलाखती घ्याव्यात. कोण कोणत्या क्षेत्रात आहे याची यादी पुढील स्मरणिकेत छापावी, म्हणजे मुलांना माहिती कोणास विचारावी हे कळेल. माहिती असे आम्ही मुद्दाम म्हणतो, वशिला नव्हे. ज्ञातिबांधवाने वाट दाखवावी, रांग मोडू नये. सत्काराच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून गरजू मुलांस परीक्षा शुल्क आणि मुलाखतीस जाण्याचे गाडीभाडे द्यावे. आणि सभागृह आपले असले तरी सरावास शेजारच्या कोणत्याही ज्ञातीचे मूल आले तर त्यास बसू द्यावे. नामदेव महाराजांच्या कीर्तनात कोणास दारातून परत पाठवीत नसत.

तरुण बंधुभगिनींनो, पहिल्या अर्जाला होकार येईलच असे नाही. दहाव्यालाही येईल असे सांगवत नाही. नकार आला की एका वहीत लिहून ठेवा, कोणता प्रश्न जमला नाही तो टिपा आणि पुढच्या मापाच्या वेळी ती उणीव भरून काढा. आई-वडिलांच्या हातांवर सुईचे जे घट्टे पडले आहेत त्यांनीच तुमचे शुल्क भरले. ते हात जगापुढे लपवू नका.